ओल्याँवचा भोंगा

कागदावर लिहिलंय: झुल्मीरा, वय एकसष्ट,
व्यवसाय: ओहोटीला खाडीत शिंपल्या वेचणे.
खाली कुणीतरी पेनानं: सध्या नाही.

अंगठी काढा, म्हटलं. निघेना.
साबण लावून काढली
आणि तिनं ती माझ्याच तळहातावर ठेवली,
सुटे पैसे परत करावेत तशी.

मशीन सुरू झालं. ठकठक, मग घर्र, मग तो लांबलचक सूर.
तिनं हातातला फुगा दाबला. बाहेर घेतली.
"भोंगा," म्हणाली. "तुम्हाला नाही ऐकू आला?"

सार्डिनचे कारखाने होते तेव्हा
होड्या धक्क्याला लागल्या की भोंगा व्हायचा,
रात्रीचे दोन असोत की चार.
प्रत्येक कारखान्याचा सूर निराळा,
आई झोपेतच ओळखायची आपला कुठला.
उठायची, एप्रन बांधायची, अंधारात चालू लागायची.
मासे संपले की भोंगा गप्प,
आई गप्प, घर गप्प.
"आता तिथं हॉटेल आहे.
पण पहाटे तीनला माझ्यात कुणीतरी भोंगा देतं
आणि मी उठून बसते,
आणि मासे कुठंच नसतात."

मी डॉक्टर नाही. चित्रं काढतो.
फारोच्या या थंडगार खोलीत सोळा वर्षं बसून
एवढं मात्र कळलंय:
मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन चिमुकल्या टोप्या असतात,
कॉर्टिसॉल तिथून सुटतं.
वाईट नाही बिचारं. ते नसेल
तर सकाळी पाय जमिनीला लागायचे नाहीत.
उजाडताना भरती, रात्री ओहोटी, हा त्याचा शिरस्ता.
झुल्मीराच्या लाळेच्या सहा नळ्या तपासल्या,
मध्यरात्रीसुद्धा पाणी गुडघ्याला.

आणि भोंगा बंद करा, असं सांगणारा
कानाच्या रेषेत, खोल आत,
शेपटी वळवून बसलेला समुद्रघोडा.
त्याचं नाव हिप्पोकॅम्पस.
आठवणी जपण्याचं काम त्याचं,
"पुरे, मासे संपले" हा निरोप धाडायचं कामही त्याचं.
आवाज फार दिवस चालला
की त्याच्या पेशी फांद्या आखडून घेतात.
तो रोडावतो, निरोप पुसट होतो,
भोंगा चढतो,
तो आणखी रोडावतो.
घोडं पेंड खातं ते इथं.

त्याला लागूनच बदामाएवढी गाठ, भयाची.
ती मात्र टक्क जागी.
आमच्या अल्गार्वमध्ये बदामांना काय तोटा!

डॉक्टर टेल्मोंनी माप घेतलं. "थोडा लहान आहे, वयाच्या मानानं."
तिनं विचारलं, "मुळातच लहान होता म्हणून मी अशी झाले?
की झेकिएल बुडाला, आणि मग हा झिजला?"
टेल्मो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"माहीत नाही. एका चित्रावरून कुणालाच सांगता येणार नाही."
इतक्या वर्षांत
तो माणूस मला पहिल्यांदा आवडला.

"लहानपणी खाडीत हे खूप," ती बोटानं पडद्याला शिवली.
"गवतात हात घातला की शेपटीनं बोट धरायचे.
पोहता येत नाही त्यांना धड,
काहीतरी धरून राहावं लागतं.
नांगरांनी गवत उपटलं, मग धरणार काय?"
आणि थांबून, "औषधानं भरतो का हा?"
"काहींचा, थोडासा. गोळ्यांनी. रोज चालण्यानंही."
"किती दिवसांत?"
"दिवसांत नाही."

ती गेल्यावर पाहिलं, अंगठी ट्रेमध्येच.
बसथांब्यापर्यंत पळालो, धाप लागली, बस वळून गेली होती.

सोमवारी फोन केला. अकरा वेळा वाजला.
उचलला तिनंच.
"राहू दे तिथं," म्हणाली. आवाज झोपेतला,
म्हणजे ती झोपली होती!
"मार्चमध्ये यायचंच आहे ना."

मार्च, असं ती आपणहून म्हणाली.
पाकिटावर मी तेवढंच लिहिलं.